डाळभाजी, मठ्ठा आणि उरलेली एक किडनी

सन दोन हजार बावीस. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि बोरी अरबपासून नेरपर्यंत कुठंही लग्नाची पंगत बसली की डाळभाजी माझ्याच हातची हवी असायची. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अडवत नाही.

दिवाळी अंक काढणारे मास्तर म्हणाले, "पुंडलिकभाऊ, आचाऱ्याच्या धंद्यातलं सारं आयुष्य लिहून काढा." मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. सारं आयुष्य लिहायला बसलो तर पुढची दिवाळी यायची. म्हणून किती लग्नं केली, कोणाकोणाच्या मांडवात राबलो, ते सगळं बाजूला ठेवतो आणि एका किडनीची गोष्ट सांगतो. माझ्याजवळ आता तेवढी एकच आहे. ती टिकवताना माझ्या धंद्याचं काय झालं ते वाचून एखाद्याचं भलं झालं तर होवो. नाही झालं तर डाळभाजी कशी करतात ते तरी कळेल.

ते आधी सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, डाळीत पालक टाकला की डाळभाजी झाली. तसं नाही. तुरीची डाळ, थोडी चण्याची, भिजवलेले शेंगदाणे. डाळीच्या बरोबरीनं पालक. आणि चुका, म्हणजे आंबट पानांची भाजी. चुक्याशिवाय डाळभाजीला जीव नाही. हे सारं मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवायचं आणि घोटायचं. पान कोणतं आणि डाळ कोणती हे सांगता येऊ नये इतकं घोटायचं. मग लसूण, सुकी मिरची आणि टमाटर यांची फोडणी, वरून सांबार. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचा एक वरबाप मला म्हणाला होता, "डाळीत सांबार कशाला ओतता? इडलीसाठी ठेवा की." त्याला दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा तो गप झाला.

तर पालक, चुका आणि शेंगदाणे हेच माझं आयुष्यभराचं खाणं. आचारी पंगतीत बसत नाही. गंजाच्या तळाशी उरतं ते भातावर घेऊन उभ्यानं खातो. लग्नं उन्हाळ्यात. उन्हाळा आमच्याकडचा, म्हणजे मांडवाच्या बांबूला हात लावला तर चटका बसतो, आणि त्यात समोर भट्टी. घाम गळायचा, पण पाणी मी पीत नसे. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि आचारी गंज सोडून गेला की डाळ बुडाला लागते. पाण्याऐवजी चहा प्यायचो. दूध उन्हात नासतं म्हणून कोरा चहा, दिवसभर. याला मी कामाची निष्ठा म्हणत होतो.

त्या वर्षी मे महिन्यात दारव्ह्याजवळच्या एका लग्नात फोडणीचं तेल तापत होतं आणि माझ्या उजव्या कुशीत कोणीतरी सुरी खुपसून पिळली. मी भट्टीचा कठडा धरला. शेजारी नजीरभाई उभा होता. त्याचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गंज, कढया, सारं त्याच्याकडून येतं, आणि आमची दोस्ती मिशा फुटायच्या आधीपासूनची.

"अबे पुंडलिक, तोंड पांढरं पडलं तुहं. चल, गाडीत बस."

"फोडणी झाल्यावर."

"मरशील ना बे!"

"मंग डाळभाजी खाऊन जाजो माह्या मयतीले. आधी लसूण दे इकडं."

फोडणी टाकली, गंजावर झाकण ठेवलं आणि मगच आडवा झालो. तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

नजीरभाईनं मला यवतमाळला नेलं. तिथली डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पोरीएवढी. पोटाचा फोटो पाहता पाहता तिनं विचारलं, "बाबा, डावी बाजू कधी दुखली होती?"

"नाही."

"आठवा. थोडी तरी?"

"कामाच्या माणसाचं काही ना काही दुखतेच. कोण ध्यानात ठेवते?"

तिनं सांगितलं, डावी किडनी वाळून गेली आहे. जुन्या खड्यानं तिची वाट कधीची बंद केली होती, आणि आत तुंबून तुंबून ती संपली, मला पत्ता नाही. आता उजवीच्या नळीत खडा अडकला होता आणि सारा भार तिच्यावर. त्यांनी नळी टाकली, खडा फोडून काढला, तुकडे तपासायला पाठवले.

इथं माझी गाडी चुकली. तपासणीचा कागद इंग्रजीत. डॉक्टरीणबाईनं जाताना बरंच समजावलं, पण मला घरी जायची घाई होती आणि बाईमाणसाचं ऐकायची सवय नव्हती. मी बाहेर औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याला विचारलं, "एका शब्दात सांग, खडा कायचा?" तो म्हणाला, "काका, कॅल्शियमचा. म्हणजे चुन्याचा." कागदावर पुढं ऑक्झलेट असाही एक शब्द होता. तो त्यालाही जड गेला आणि मला तर नकोच होता. पोऱ्याची चूक नाही. मी एक शब्द मागितला, त्यानं एक दिला.

घरी येऊन मी फर्मान काढलं. खडा चुन्याचा आहे, चुना बंद. दूध बंद, दही बंद, मठ्ठा बंद. तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा बिनचुन्याचा घोटून घ्यायला लागलो. पानठेलेवाला म्हणाला, "हा खर्रा नाही, हा पाला आहे." तरी खाल्ला. जिद्दीत मी कोणाला हार जात नाही.

आमची बुढी, म्हणजे बायको वत्सला, चाळीस वर्षांपासून माझ्या मांडवात पोळ्यांचं काम पाहते. तिच्या हाताखाली पाच-सहा बाया असतात, आणि दवाखान्यात ती माझ्यासंगंच होती. ती म्हणाली, "अहो, डाक्टरीणबाईनं दही खा म्हटलं होतं, मी ऐकलं माह्या कानानं."

"तुले काय समजते? दह्यात चुना असते."

"तिले नसन का समजत?"

मी ताटातली दह्याची वाटी तिच्याकडं सरकवली. जे पटत नाही ते दूर सारणं ही माझी जुनी सवय.

अशक्तपणा आला होता, म्हणून वरून ताकदीचा उपाय शोधला. पालकपुरीसाठी पालक उकळून घेतो तेव्हा हिरवंगार पाणी उरतं. ते आम्ही आचारी लोक फेकतो. मला वाटलं, सारं सत्त्व तर या पाण्यात उतरतं आणि आपण नालीत ओततो! मी ते मीठ टाकून रोज सकाळी पेलाभर प्यायला लागलो. साथीच्या काळापासून घरात व्हिटॅमिन सीच्या आंबट नारिंगी गोळ्या पडून होत्या, त्याही चघळायचो. मूठभर शेंगदाणे, गूळ. जो भेटेल त्याला सांगत होतो, औषध कायले पाहिजे, भाजीपाला खा.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पायावर सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा. तोंडाची चव गेली. आचाऱ्याची चव जाणं म्हणजे काय ते दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला सांगून कळणार नाही. एका लग्नात मीठ दोनदा पडलं आणि मला कळलं नाही. नजीरभाईनं एक घास खाल्ला, मला गाडीत घातलं आणि पुन्हा यवतमाळ गाठलं.

डॉक्टरीणबाईनं रक्त पाहिलं, लघवी तपासली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली.

"बाबा, रोज काय काय खाता ते सांगा. काही लपवू नका."

लपवायचं कशाला? मी छाती पुढं काढून सांगितलं. पालकाचं पाणी, गोळ्या, डाळभाजी, शेंगदाणे, कोरा चहा.

"आणि दूध, दही?"

"एक थेंब नाही. मठ्ठाही नाही. खडा चुन्याचा निघाला ना? मंग चुना खाऊ कायले?"

तिनं हातातला पेन खाली ठेवला. नजीरभाई म्हणाला, "मॅडम, हा असाच आहे. याले तुम्ही रागवा. माहं तर ऐकतच नाही."

ती रागावली नाही. तिनं विचारलं, "पंगतीत डाळभाजीबरोबर प्यायला काय देता?"

"मठ्ठा. आमच्या उस्तादापासून."

"मग ऐका." आणि तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो, कारण तिच्या भाषेत मला येत नाही.

पालकात, चुक्यात, धोप्याच्या म्हणजे अळूच्या पानांत, बिटात, शेंगदाण्यात, तिळात, कोऱ्या चहात ते ऑक्झलेट असतं. थोडं आपलं शरीरही बनवतं, आणि आंबट गोळ्या फार खाल्ल्या तर त्यांचंही तेच होतं. ऑक्झलेटला चुन्याची भारी ओढ. जेवणात दूध, दही, ताक असलं तर दोघांची गाठ पोटातच पडते. जोडी जुळली की रक्तात शिरत नाही, शौचावाटे गुमान बाहेर जाते. पण पोटात चुना भेटलाच नाही तर ऑक्झलेट एकटंच रक्तात शिरतं आणि किडनीपर्यंत जातं. तिथं लघवीत चुना असतोच. तिथं लग्न लागतं आणि तिथंच बिऱ्हाड होतं. तोच खडा. त्यात पाणी कमी प्यायलं तर लघवी घट्ट, आणि खडा लवकर बसतो.

"म्हंजे," मी म्हटलं, "मी दारातला पहारेकरी काढून टाकला?"

"काढला, आणि पाहुणे दुप्पट बोलावले. सकाळी पेला भरून."

मला वाटलं होतं, खडा झाला की दुखणार, दुखलं की काढणार. ती म्हणाली, तेवढंच नाही. किडनी ही बारीक जाळीची गाळणी. फार ऑक्झलेट आलं की काचेच्या चुऱ्यासारखे कण त्या जाळीत रुततात. ते दुखत नाहीत, पण जखम करतात. जखमेचा वण होतो, आणि वण पडला तेवढी जाळी मेली. ती परत येत नाही.

"डावी गेलेलीच आहे. उजवी अर्ध्यावर आलीय. आता सांभाळली तर टिकेल. नाही सांभाळली तर आठवड्यातून दोन-तीनदा इथं यायचं आणि मशीनला रक्त जोडून घ्यायचं."

"अन् धंदा?"

"तुम्हीच सांगा, तेव्हा कोणतं लग्न कराल?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

मी म्हटलं, "भट्टी सोडणार नाही. बाकी जे म्हणाल ते करतो."

ती म्हणाली, "भट्टी करा. पण भट्टीजवळ पाणी प्यायचं. मी लिहून देते तेवढं, घामाचं धरून. लघवी पाण्यासारखी स्वच्छ दिसली पाहिजे."

"तेवढं पाणी पेलं तर जावं लागते."

"मग जायचं."

"फोडणी टाकून?"

"फोडणी दुसरी टाकता येते, बाबा."

तिला काय माहीत. माझ्या भट्टीवर सराटा, म्हणजे आमचं लांब दांड्याचं उलथणं, फोडणीच्या वेळी मी कधी कोणाच्या हाती दिला नव्हता. हाताखालच्या माणसांना चिरायला, घोटायला, वाढायला लावलं, पण फोडणी माझी. माझं नाव त्या फोडणीचं होतं.

तरी घरी आलो आणि सारं पाळायला लागलो. माझा स्वभावच तसा आहे. न पाळायचं ठरवलं तेव्हा ते पाळलं, पाळायचं ठरवलं तेव्हा हेही पाळलं. हिरवं पाणी नालीत. गोळ्या नालीत. पालक खायचा तर उकळून, पाणी फेकून, थोडासा, आणि दह्यासंगं. चुका बंद. मीठ अर्धं. जेवताना वाटीभर दही किंवा ताक, तिनं सांगितलं तेवढंच. खर्रा तर चुना आणि बिनचुना दोन्ही सोडला, कारण तिनं त्याच्यासाठी वेगळं रागावून घेतलं. सूज उतरली. जिभेला चव परत आली. तो दिवस मला पोरगी झाली त्या दिवसासारखा आठवतो. रक्तातला किडनीचा आकडा थोडा खाली आला आणि थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आता येणारा उन्हाळा पाहू. भट्टीवर तुम्ही काय करता त्यावर आहे."

त्या उन्हाळ्यात नेरला बाबारावभाऊच्या पोरीचं लग्न होतं. मोठी पंगत, घर ओळखीचं. बोलणी करायला गेलो तर बाबारावभाऊचा पोरगा म्हणाला, "काका, मठ्ठा नको. थंड्या बाटल्या ठेवू. मठ्ठा आता गावठी वाटते."

"डाळभाजीही गावठीच आहे, बापू. दोन्ही सोड अन् मले मोकळं कर."

"अहो, इतकं काय त्याच्यात?"

एका पंगतीनं कोणाची किडनी जात नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या जोडीनं आमच्या बापजाद्यांना सांभाळलं, ती मी माझ्या हातानं मोडणार नव्हतो. मी म्हटलं, "मठ्ठा नाही तर डाळभाजी नाही. बाटल्या तुह्या मित्राइले दे." बाबारावभाऊ हसला, पोराला म्हणाला, "चाल, मुकाट्यानं दही सांग."

लग्नाच्या दिवशी भट्टीजवळ पाण्याची कळशी ठेवली. सकाळभर डाळ शिजली, पालक पडला, घोटणी सुरू झाली. ऊन चढलं. कळशीतलं पाणी जिथल्या तिथंच. मी विसरलो नव्हतो. मला हिशेब माहीत होता: आता प्यायलो तर बरोबर फोडणीच्या वेळी जावं लागणार.

वत्सला पोळ्यांकडून उठून आली. कळशीत डोकावली.

"भरलीच आहे."

"पेतो."

"कधी?"

"फोडणी झाल्यावर."

"फोडणी झाल्यावर पंगत, पंगतीवर दुसरी पंगत. मले माहीत आहे तुमचं." ती जागची हलली नाही. पिठाचे हात कमरेवर ठेवून उभी. "पेल्याशिवाय मी जात नाही. पोळ्या तशाच राहतीन, पाहा."

तिकडे बाया थांबून पाहत होत्या. मी चिडून लोटा भरला आणि प्यायलो. तिनं भुवई उचलली. आणखी एक प्यायलो.

आणि झालं तेच. तेल धुरावर आलं, लसूण माझ्या मुठीत, आणि मला उभं राहवेना. ज्यांना या वयाची माहिती आहे त्यांना सांगायला नको. मी मांडवात नजर फिरवली. घोटणारे दोघं होते, त्यांच्या हाती मी सराटा देणार नव्हतो. वत्सला अजून तिथंच उभी होती.

मी सराटा तिच्यापुढं धरला. "लसूण लाल झाला की लगेच मिरची. मंग टमाटर. आच..."

"चाळीस वर्षं तिथं बसून वास घेऊन राह्यली मी," ती म्हणाली. "जा तुम्ही."

मी गेलो. परत येताना अर्ध्या वाटेवरच वास आला. नाकानं मी खोट काढायला पाहिली. सापडली नाही. येऊन पाहतो तर फोडणी गंजात पडून वर झाकण बसलं होतं, आणि ती पुन्हा पोळ्यांत.

पंगत बसली. बाबारावभाऊचे म्हातारे काका, जे माझ्या डाळभाजीत तीस वर्षांपासून दोष काढून राहिले, वाटी चाटून म्हणाले, "पुंडलिका, हात तोच आहे रे तुहा." मी मठ्ठ्याचा जग उचलला आणि पुढच्या पानाकडे सरकलो. एकानंही ओळखलं नाही. नजीरभाईनं तेवढं पाहिलं होतं. तो भांडी मोजता मोजता म्हणाला, "काहून रे, तुहा चेहरा असा काहून? जेवण तर जमलं."

"जमलं म्हणूनच," मी म्हटलं. तो इतका हसला की हातातली झाकणी खाली पडली.

घरी येताना वत्सला दुसऱ्या दिवसाच्या पिठाचा हिशेब करत होती. फोडणीचा विषयही तिनं काढला नाही, आणि तेच जास्त लागलं. ती मिरवली असती तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतर यवतमाळच्या वाऱ्या सुरूच आहेत. आकडा तिथंच उभा आहे. मशीनचं नाव निघालेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणते, उरलेली जाळी काम करते, तिला आणखी वण पाडू नका. मी पाडत नाही. गेलेली मात्र गेली, आणि त्या हिरव्या पेल्यांचं मला आजही वाईट वाटतं.

पण नेरच्या दुसऱ्या सकाळचं राहिलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी थांबलेल्या पाहुण्यांचं जेवण असतं, तेही आमच्याकडेच होतं. मांडवात पोचलो, कळशी भरून घेतली, आणि वत्सला पोळ्यांकडे वळायच्या आत सराटा तिच्या हाती देऊन भट्टीकडे बोट दाखवलं. मी स्वतः निंबाच्या सावलीत गेलो, बायांच्या रांगेत पाट टाकला आणि कळशी मांडीशी घेऊन बसलो.

"काय पाहिजे, भाऊजी?" एकीनं विचारलं.

"लाटणं."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भट्टीवरून वत्सलाचा आवाज आला, "कडा पातळ लाटा म्हणा त्याइले, मधात जाड ठेवू नका!" मी लोटाभर पाणी प्यायलो आणि पहिला उंडा पिठात घोळवला.